प्रलयनाथाचा राजीनामा

१५ फेब्रुवारी १९९९

सोडलं! निशाचर प्रकाशनाची पायरी आज शेवटची उतरलो. उतरताना चपलेचा अंगठा तुटला, पण मागे वळून पाहिलं नाही. फरफटत रविवार कारंज्यापर्यंत आलो.

मागणी काय, तर पुढच्या पुस्तकावर माझं नाव छापा — दत्तात्रय खैरनार. बस्स. सतरा वर्षं भुतं, हडळी, परग्रहावरची माकडं मी जन्माला घालतोय आणि कव्हरवर नाव कुणाचं? ‘प्रलयनाथ’! हा प्रलयनाथ म्हणजे रंगनाथशेठनी पान खाता खाता काढलेलं एक नाव. त्याला ना हात, ना मेंदू. लोक मात्र वाचनालयात त्याच्या नावाने रांग लावतात.

रंगनाथशेठ चुना मळत म्हणाले, “लेखकराव, नाव दुकानाचं आहे. तुम्ही गेलात तर दुसरा बसवू. मखर तेच, गणपती दरवर्षी नवा.”

बसवा म्हणावं! प्रलयनाथ काय झाडाला लागतात?

१६ फेब्रुवारी

शुभांगीला सांगितलं. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. “आणि सुवाच्य प्रत?” एवढंच विचारलं.

माझं अक्षर म्हणजे शाईतून चाललेली कोंबडी. त्यामुळे लग्नापासूनची पद्धत अशी — मी एका बैठकीत खरडायचं, शुभांगीने सकाळची शाळा सांभाळून तिच्या फळ्यावरच्या गोल अक्षरात सुवाच्य प्रत करायची, आणि गठ्ठा बांधून दुकानात पाठवायचा. प्रुफंही तीच बघायची. छापलेलं पुस्तक मी उघडत नाही. स्वयंपाक्याने उष्टी ताटं चाखू नयेत, असं माझं मत आहे. या मताबद्दल एकदा भाषणही दिलंय.

आता सगळं बदललं. कॉलेज रोडला अमोलचं डीटीपीचं दुकान आहे. मी शेजारी बसून वाचणार, तो थेट कॉम्प्युटरवर टाइप करणार. “तुला आता कायमची सुट्टी!” म्हणालो. वाटलं, खूश होईल. “तुमची मर्जी,” म्हणाली आणि मळलेली कणीक पुन्हा मळायला लागली.

४ मार्च

‘शनीच्या कड्यावरची हडळ’ — नवी कादंबरी! भय आणि विज्ञान एकाच पुस्तकात. मराठीला हे झेपेल का, एवढाच प्रश्न आहे. अंतराळयानात एक कप्तान, त्याची बायको रजनी, आणि शनीच्या कड्यावर शतकानुशतकं अडकलेली हडळ. हडळीचे पाय उलटे. पण जिथे वरखालीच नाही तिथे उलटं काय न् सुलटं काय — यावर सलग दोन पानं चिंतन आहे. वाचून दाखवताना माझा मला काटा आला. अमोलला जांभई आली. त्याला लग्नपत्रिकांची सवय.

चहात साखर कमी होती. शुभांगीला सांगितलं.

२१ मार्च

देवळाली कॅम्पच्या बसमध्ये मागच्या सीटवर दोन मुली खिदळत होत्या. एक म्हणते, “भूत दारात उभं, आणि ही बाई त्याला म्हणते, आलास तर पाय पुसून ये!” दुसरी म्हणाली, “आमच्या घरात सगळे तेच म्हणतात आता. कुणी आलं की, पाय पुसून ये!”

हातातलं पुस्तक माझं! म्हणजे प्रलयनाथाचं. ‘मळ्यातला मुक्काम’. हे वाक्य मी कधी लिहिलं ते आठवेना. सतरा वर्षांत काय काय लिहून गेलोय मी! झऱ्याला कुठे पाण्याचा हिशोब असतो. मागे वळून म्हणणार होतो की, मुलींनो, तो मीच. पण स्टॉप आला. शिवाय त्यांना ते खरं वाटलं नसतं.

कव्हरवर नाव नसलं की असं होतं. म्हणून तर सोडलं.

९ एप्रिल

पूर्ण झाली! शेवट जबरदस्त. हडळ यानात शिरते, रजनी किंचाळते आणि बेशुद्ध पडते, कप्तान महामृत्युंजय मंत्र आणि लेझर किरण एकाच वेळी सोडतो. हडळ भस्म.

शुभांगीला दाखवली. उभ्या उभ्या शेवटची पानं चाळली तिने.

“रजनी बेशुद्धच पडते?”

“मग काय करील? समोर हडळ आहे!”

“हं,” म्हणाली. तिला विज्ञान कळत नाही.

२ मे

प्रकाशन समारंभ. स्वतःच प्रकाशक, स्वतःच लेखक, सतरंजीही स्वतःच उचलली. प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राध्यापक. पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं. “भयकथा ही साहित्याची सावत्र मुलगी आहे,” म्हणाले, आणि मग पाऊण तास सख्ख्या मुलींबद्दल बोलले. शेवटी मला “श्री. खैरमोडे” म्हणून शुभेच्छा दिल्या. हार घालताना कुठल्यातरी सत्काराचा कालचा हार आहे हे वासावरून कळलं.

असो. कव्हरवर माझं नाव आहे. लाल अक्षरांत! रिक्षात पुस्तक मांडीवर उलटं-सुलटं करून पाहत होतो. शुभांगी म्हणाली, “छान दिसतंय नाव.” तेवढ्यावर आज झोप येईल.

१८ जून

दिवसभर पुस्तकं घेऊन वाचनालयं पालथी घालतोय. नाशिकरोड, सिन्नर, परवा थेट नांदगाव. “प्रलयनाथचं आहे का?” “नाही, माझं आहे.” “मग ठेवून जा.” ठेवून जा म्हणजे ठेवून विसरून जा.

घरी आलो तर शुभांगी माझ्या टेबलाशी पेपर तपासत बसलेली. शाळा परवा उघडली, जूनमध्ये कसले पेपर? म्हणाली, “मुलं कच्ची आहेत.” शिक्षण खात्याचं काही खरं नाही. टेबल हवं होतं, पण मी दमलो होतो. तिलाच बसू दिलं. चहा आला. साखर पुन्हा कमी.

३० जून

आज सिंधुबाई भेटल्या. देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि अर्ध्या भिंतीवर वाचनालय. फौजी लोकांच्या बायका बांगड्या भरायला येतात, मराठी वाचणाऱ्या पुस्तक घेऊन जातात. सिंधुबाई स्वतः प्रत्येक पुस्तक वाचतात आणि तोंडावर बोलतात. ‘हडळ’ त्यांना महिन्यापूर्वी दिली होती.

“खैरनारभाऊ, राग नका मानू. तुम्ही प्रलयनाथाची नक्कल मारायला गेले, पण नाय जमलं.”

नक्कल! मी! माझीच!

“भूत लय भारी हाय तुमचं,” म्हणाल्या. “भूतात काय कमी नाय. पण तुमची बाई नुसती वरडती न् पडती. प्रलयनाथाच्या बाया अशा नसत्यात. भूत आलं तरी त्या कामाचं बोलत्यात. म्हणून तर बाया नेतात ना पुस्तकं. वरडायला काय, घरी कोण नाय का?”

सांगितलं त्यांना, की बाई, सतरा वर्षं प्रलयनाथ मीच होतो. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला पाणी दिलं, उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं.

१ जुलै

अपमान!

१२ जुलै

रंगनाथशेठनी खरंच दुसरा बसवला! नवा प्रलयनाथ बाजारात — ‘चुलीमागची’. सीबीएस बसस्टँडच्या स्टॉलवर ढीग होता, संध्याकाळी परत गेलो तर नव्हता. कोण भाडोत्री गाढव असेल तो? एखादा कॉलेजातला पोरगा, माझं वाचून वाचून शिकलेला. मी पुस्तक हातात घेतलं नाही. असल्यांचं मी वाचत नाही.

शुभांगी म्हणाली, “पाहायला काय हरकत आहे?” तिला म्हटलं, स्वाभिमान नावाची एक गोष्ट असते. “असते,” म्हणाली.

२३ ऑगस्ट

सिन्नरहून, नांदगावहून प्रती परत आल्या. वणीच्या स्टॉलवाल्याने तर आपणहून टेम्पोत टाकून पाठवल्या, वर देवीचा प्रसादही. पलंगाखाली आता जागा नाही. माझं नाव लाल अक्षरांत सगळीकडे दिसतं — पलंगाखाली, कपाटावर, न्हाणीघराच्या माळ्यावर. शेजारच्या विमलाबाईंनी एक प्रत मागून नेली. वाटलं, वाचतील. डळमळणाऱ्या शिलाई मशीनखाली लावलीय.

आज दुपारी घरी एकटा होतो. रडलो. लिहून ठेवतो, कारण हे वहीशिवाय कुणाला सांगणार? मला दुसरं काही येत नाही. हे एकच येतं असं वाटत होतं. तेही येत नसेल तर मग सतरा वर्षं मी काय केलं?

२६ सप्टेंबर

शेवटी हरलो. सिंधुबाईंकडून ‘चुलीमागची’ भाड्याने आणली. त्याची पिसं काढायची म्हणून पेन्सिल घेऊन बसलो. पेन्सिल तशीच राहिली.

चांगली आहे! लिहिताना हात जड होतोय, पण आहे. एका घरात चुलीमागे हडळ राहायला येते. घरातली बाई घाबरत नाही. म्हणते, राहायचं तर रिकामी बसू नकोस, आणि तिला पोळ्या लाटायला बसवते. नवरा आपला बाहेरच्या खोलीत जगाची चिंता करत बसलेला. आठवडाभर चहा हडळ आणून देते, आणि याचं लक्षच नाही. कपातून नजर वर न करता म्हणतो, “साखर कमी आहे.” मोठ्याने हसलो. असला मठ्ठ नवरा कुठे असतो!

आणि भीती? आहे ना. शेवटच्या पानावर दोघी चूल विझवून निघून जातात, आणि नवरा तसाच हात पुढे करून कपाची वाट बघत राहतो. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

लेखक भाडोत्री असेल, पण गाढव नाही.

२७ सप्टेंबर

काल राहवेना म्हणून सिंधुबाईंकडून आणखी एक आणलं होतं — ‘मळ्यातला मुक्काम’. माझंच. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं छापील पुस्तक वाचलं.

भूत माझं. मळा माझा. विहीर, मोटेचा आवाज, सगळं माझं. पण मी लिहिलं होतं — सुलभा किंचाळली व धाडकन कोसळली. एवढ्यात नवरा कंदील घेऊन आला. पक्कं आठवतंय! छापलंय काय? नवरा पुढच्या खोलीत घोरतोय, आणि सुलभा दाराशी उभ्या भुताला म्हणते, आलास तर पाय पुसून ये.

हे माझं नाही! धावत सिंधुबाईंकडे गेलो, आणखी चार पुस्तकं आणली. चारही तशीच! माझ्या सगळ्या बेशुद्ध बायका कुणीतरी उठवून बसवल्यात. रंगनाथशेठ! चोर! माझ्या कथांना परस्पर हात लावत होता! उद्या त्याची गचांडी धरतो.

घरी तणतणलो. शुभांगी पेपर तपासत होती. “उद्या जाऊनच या,” म्हणाली. “सोक्षमोक्ष लागेल.”

२८ सप्टेंबर

गेलो. तुटलेला अंगठा शिवून घेतलेल्या त्याच चपला घालून. गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. रंगनाथशेठनी शांतपणे पान तोंडात टाकलं.

“लेखकराव, तुमच्याकडून आलं तसं छापलं. कानामात्रा बदलला नाही. अहो, बदलायची अक्कल असलेला माणूस मला सापडला असता, तर मी त्यालाच लिहायला नसतं बसवलं?”

“मग आता कुणाला बसवलंय?”

“ते सांगायचं नाही, अशी अट आहे.” मग गालातल्या गालात हसले. “एक सांगतो. आमच्या कंपोझिंगच्या गेणूला अजून माहीतच नाही की माणूस बदललाय. म्हणतो, शेठ, अक्षर तर तेच येतंय. तेच गोल, फळ्यावरच्यासारखं.”

पायरी उतरलो. या वेळी काही तुटलं नाही. रविवार कारंज्यावर बराच वेळ उभा होतो. एका भाजीवालीने दोनदा विचारलं, काय पायजे.

२९ सप्टेंबर

काल घरी पोचलो तेव्हा प्रलयनाथ माझ्या टेबलाशी बसून लिहीत होता. मान वर न करता म्हणाली, “आधी पाय पुसून या.”

पुसले. चहा मी केला, साखर बेताची घातली. कप तिच्यापुढे ठेवून विचारलं, “सुवाच्य प्रत करून देऊ?”

“तुमच्या अक्षरात?”