ट्रॅक्टरचा श्वास

तीर्थपुरी, दसऱ्यानंतरचा सोमवार, १९९३

ज्वारीची पेरणी तोंडावर, अन् ट्रॅक्टरच्या इंजनाखाली पुन्हा तेलाचं थारोळं. तेल अडवायचं नवं सील टाकलं, तरी गळतंच. आता इंजन खोलावं लागतं का काय? पण मिस्तरीनं आधी बाजूच्या वाकड्या नळीत बोट घातलं. आत तेलात मळलेला हळदी-कुंकवाचा घट्ट गोळा! दसऱ्याला ट्रॅक्टर पुजताना आई हळदी-कुंकवाचं बोट तिथंच पुसते.

"इंजन इथून श्वास सोडतं. इथं कोंडलं की तेल सीलातून भाईर फेकतं," मिस्तरी म्हणला.

नळी धुतली, इंजन चालू केलं. गळती बिलकुल बंद. नळीपुढं मी हात धरला, तर ऊन ऊन फुंकर. पुन्हा धरला. एवढ्या लोखंडाला श्वास?

आईनंबी तळहात धरला, झटकन मागं घेतला.

"आगं माय! मंग इतके दसरे मी ह्याचं नाकच दाबून राह्यले व्हय?"