मागच्या दाराची कडी

रविवार, १६ नोव्हेंबर १९८६
साकीनाका

आजच्या तारखेपर्यंत मी माझ्या हाताने केलेल्या वस्तू: दोन बाकं, आतून पोकळ, वर गादी टाकली की बिछाना. साखळ्यांवर टांगलेला वरचा एक बिछाना. पत्र्याची वीस लिटरची पाण्याची टाकी, थेंबभर गळत नाही. स्टोव्हची चौकट, गाडी वळली तरी स्टोव्ह जागचा हलत नाही. चार सरकत्या जाळ्या. भिंतीतलं ताटाळं. दुमडणारी पायरी. छपरावरचा कठडा. मागच्या दाराची पितळी कडी.

हे सगळं एका जुन्या मॅटडोर व्हॅनमध्ये. शिक्षण सातवी, गुरू कोणी नाही. मिलमध्ये फिटर होतो, संपानंतर इथल्या एका कारखान्यात लागलो. आठवडाभर मालकाचं काम, रविवार माझा. आजवर घाटकोपरला चाळीच्या आवारात ताडपत्रीखाली काम करत होतो, येणारा-जाणारा सल्ले द्यायचा. आजपासून हा भाड्याचा गाळा. खाली फरशी, वर पत्रा, दाराला एक कुलूप. किल्ली एकच, ती माझ्या करगोट्याला.

नारळ फोडायला मिलमधले दोघं मित्र आले. विद्याधर आता पार्ल्याला बिस्किटाच्या कारखान्यात आहे, त्याचं तोंड यंत्रापेक्षा जास्त चालतं. कुंडलिक बसचा ड्रायव्हर, तो बोलायचे पैसे पडतात असा वागतो. २६ डिसेंबरला तिघांनी वेंगुर्ल्याला जायचं. रस्त्यात जेवायचं, गाडीतच झोपायचं. तीन माणसं, तीन बिछाने.

विद्याधरने सगळं बघितलं. बाकं ठोकून पाहिली, टाकीला बरी म्हणाला. मग मागच्या दाराशी गेला तो तिथेच थांबला. कडी वर करायचा, सोडायचा. ती आपल्या वजनाने पडते, खाचेत बसताना आवाज करत नाही. म्हणाला, जया, बाकीचं काय, कोणीही करेल रे, पण ही कडी म्हणजे झकासच. तूच केलीस?

मी म्हणालो, मग काय तुझ्या सासऱ्याने?

तिघंही हसलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. गाडी मुलुंडच्या वनमालाबाईंकडून चौदा हजाराला घेतली. त्यांचे यजमान गुणाजी आषाढात वारले. त्यांनाही असंच फिरतं घर करायचं होतं, पण आत फक्त ही कडी बसवून झाली होती. तिच्या खालच्या अंगाला तांदळाएवढी चंद्रकोर कोरलेली होती, त्यांची खूण. बाईंनी कडी काढून मागितली. मी म्हटलं, दार काय दोरीने बांधू? मग म्हणाल्या, बरं भाऊ, ती कोर तेवढी राहू द्या.

ती घासून काढायला बारीक कानशीने दहा मिनिटं लागली. वर पंच ठोकून माझे तीन ठिपके मारले, प्रत्येक कामावर मारतो तसे. नाहीतर बाकीच्या कामाशी जुळलं नसतं. पॉलिश मी केलं, स्क्रू मी बदलले.

सकाळपासून डाव्या हाताची करंगळी बधिर आहे. बहुतेक अंगाखाली आली असावी.

रविवार, २३ नोव्हेंबर

करंगळी तशीच. टाचणी टोचली, रक्त आलं, कळलं काही नाही.

आज गाळा उघडला तर वरच्या बिछान्याजवळ कंदिलाचा पितळी आकडा होता. दुमडला की भिंतीत सपाट बसतो. मी बोट फिरवलं. जोड बसला की नाही हे मी डोळे मिटून बोटाने बघतो. पट्टी फसवते, बोट नाही. भिंत कुठे संपते, आकडा कुठे सुरू होतो, ते मला कळलं नाही. पाठीमागे तीन ठिपके. माझ्याच पंचाचे, मधला ठिपका किंचित खोल.

कुलूप शाबूत होतं. आकडा मी केलेला नाही.

विद्याधर डबा घेऊन आला. आकडा बघून म्हणाला की आता बस कर, आमच्या बायका आम्हाला नावं ठेवतील. मी म्हणालो, अर्ध्या तासाचं काम आहे ते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

करंगळीशेजारचं बोट.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाकाखाली खण आला आहे. सागवानी. चारही कोपरे एकात एक अडकवलेले, एक खिळा नाही. मला हा जोड येत नाही. पंधरा वर्षांत चार वेळा करून बघितला, चारही वेळा फट राहिली. खणाच्या तळाला माझे ठिपके.

कुंडलिक सहसा काही बोलत नाही. आज खण पाच-सहा वेळा उघडून मिटला आणि म्हणाला, जयवंता, हात चुंबण्यासारखे आहेत तुझे.

मी हो म्हणालो.

बुधवार, ३ डिसेंबर

मधलं बोटही गेलं. चाळीखालच्या डॉक्टरांनी सुई टोचली, कापूस फिरवला, कोपरावर हातोडी मारली, अंगभर चट्टे शोधले. त्यांना काही सापडलं नाही. म्हणाले की नस दबली असेल, हात चालतोय ना, मग चालू द्या.

हात चालतो. तीच गंमत आहे. बोटं वळतात, पकडतात, फक्त मला कळवत नाहीत.

रविवार, ७ डिसेंबर

आज घडीचं टेबल. वर्णन करत नाही. तिन्हींपेक्षा चांगलं आहे.

आज मुद्दाम उत्तर न देता बघितलं. विद्याधरने विचारलं, हेपण तूच? मी शिट्टी वाजवत स्टोव्हला पंप मारत राहिलो.

सोमवार, ८ डिसेंबर

नवीन काही नाही. तर्जनी शाबूत. म्हणजे हिशेब सरळ आहे. हो म्हटलं की एक बोट.

आणि नाही म्हटलं तर? ते कोणी अजून विचारलेलं नाही.

रविवार, १४ डिसेंबर

शेजारच्या गाळ्याचे मालक भाऊराव कारागिरांना घेऊन टेबल बघायला आले. वीस वर्षं मुरलेले मिस्त्री सगळे, प्रमाणपत्रवाले. माझ्या बाकांकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. टेबलाची फळी खालीवर करत भाऊराव आपल्या माणसांना म्हणाले, शिका जरा, हा माणूस सातवी शिकलाय. मग माझ्याकडे वळून विचारलं की खरंच तुमचं एकट्याचं काम?

सहा माणसं बघत होती.

डावी तर्जनी.

गुरुवार, २५ डिसेंबर

उद्या निघायचं. माझी बायको प्रेमा, तिने गाडीची पूजा केली. देवाची भांडी घासते तशी मागची कडी चिंचेने घासली. कुंकू लावता लावता थांबली. मला बोलावून म्हणाली, अहो, ही कोर कोणी काढल्यान?

ठिपक्यांच्या मधोमध चंद्रकोर. मी कानशीने पुरती घासून टाकली होती, बोटाने तपासली होती. तेव्हा बोट चालू होतं.

प्रेमाला सांगायला हरकत नव्हती. बावीस वर्षांचा संसार. पण विद्याधर पेढा खात दारातच उभा होता.

मी काढली, म्हटलं. शोभेला.

प्रेमा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने माझ्या डाव्या हातावर गरम चहाचा पेला टेकवला. मी हात मागे घेतला नाही. तिने विचारलं, तुमका कळणा नाय? किती दिवस?

मी सांगितलं, थंडीमुळे.

शुक्रवार, २६ डिसेंबर
पनवेलच्या पुढे

डावा हात पूर्ण गेला, अंगठ्यासकट. भीती वाटायला हवी. वाटत नाही. तीही बहुतेक बोटांतूनच येत असावी.

सकाळी साडेसहाला निघालो. कुंडलिक चालवतो, विद्याधर गातो. चहाला थांबलो तिथे गाडीभोवती माणसं जमली. ट्रकवाले, एसटीचा कंडक्टर, एक मास्तर. आत येऊन बघून गेले. आकडा कोणाचा, खण कोणाचा, टेबल कोणाचं, कडी कोणाची. विद्याधरने मला पुढे ढकललं. म्हणाला, हे आमचे इंजिनिअरसाहेब, यांनाच विचारा.

मी चार वेळा हो म्हणालो.

आता पेन अंगठ्याने दाबून धरलं आहे. उजव्या हाताची बाकीची चार बोटं त्याच्याभोवती आहेत, असं दिसतं.

शनिवार, २७ डिसेंबर
पोलादपूर

सकाळी गाडीत चार बिछाने.

चौथा मागच्या दाराला लागून, आडवा. सागवानी, कडा गोल केलेल्या. पट्टी लावली. पाच फूट साडेपाच इंच. माझी उंची. मधे एक खळगा, माणूस बरेच दिवस झोपला की पडतो तसा.

विद्याधरला वाटलं की मी घरून घडी करून आणला. हसून म्हणाला, आम्ही झोपलो आणि तू काम करत बसलास? वेडा आहेस. कोणासाठी रे हा?

मी काहीच म्हणालो नाही. अंगठा सांभाळायचा होता.

रविवार, २८ डिसेंबर
तिथेच

वेंगुर्ला रद्द. मी चहा ठेवत होतो. कुंडलिक ओरडला. डावा पंजा स्टोव्हच्या जाळावर होता. वास मला आला होता. मला वाटलं, बाहेर कोणी काही भाजतंय.

कुंडलिकने पट्टी बांधली. म्हणाला, खरं काय ते सांग, जयवंता, आम्ही काय परके आहोत?

सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात विद्याधर म्हणाला की असले सोन्याचे हात, आणि काय करून घेतलेस —

त्यानंतर नाही जमलं.

बुधवार, ३१ डिसेंबर
साकीनाका

परत. डॉक्टर म्हणतात, बोटं वाचतील, पुढचं मोठ्या इस्पितळात बघू.

उजवा अंगठा आहे. त्याच्या पोटाने कानस चाचपतो. खरखर लागते. दिवसातून वीसदा चाचपतो.

प्रेमाने विद्याधरला काहीतरी विचारलं. ती मुलुंडला जाऊन आली, वनमालाबाईंकडे. मला म्हणाली, रविवारी त्या येतत, आणि तुम्ही माणसासारखे बोला.

शुक्रवार, २ जानेवारी १९८७

गाडीत आता कपाट आहे. आरसा. मी कुलूप काढत नाही, फटीतून बघतो.

खालून वरपर्यंत ठिपके. माझेच ठिपके —

रविवार, ४ जानेवारी

त्या आल्या. प्रेमा, विद्याधर, कुंडलिक, सगळे गाळ्यात. भाऊरावही आले.

बाई कडीजवळ गेल्या. उचलली, सोडली. आवाज झाला नाही. म्हणाल्या, एक अख्खा पावसाळा लागला त्यांना हिला. शेवटच्या दिवशी शुद्धीवर आले तेव्हा एवढंच विचारलं, कडी बरोबर पडते ना.

मग माझ्याकडे वळल्या. भांडल्या नाहीत. भाऊ म्हणाल्या. गाडी तुमची, ठेवा. कडी मला द्या, आणि ती कोणाची ते या चौघांसमोर एकदा बोला. पिशवीतून नोटांचं पुडकं काढलं. मी दिलेलंच, बँकेचा कागदही तसाच.

प्रेमा डोळ्यांनी बोला बोला म्हणत होती.

विद्याधर बघत होता. भाऊराव बघत होते.

मी म्हणालो, कडी माझी आहे.

बाईंनी पुडकं पिशवीत ठेवलं आणि पायरी उतरून गेल्या. पायरी माझी आहे. ती खरंच माझी —

रविवार, संध्याकाळ

कानस लागत नाही.

तरी पेन चालतं आहे. अक्षर बघतो आहे. हे माझं अक्षर नाही. माझं उजवीकडे कलतं, काने आखूड असतात. हे सरळ आहे, एका ओळीत, फार सुबक. कोणी विचारलं तर सांगेन की

नाही. आधी ते लिहून ठेवतो. चौदा हजार रुपये. गाडीसकट. चौदा हजार परत आणि गाडीही माझीच, मी नाही म्हणालो. फक्त एवढंच बोलायचं होतं की मागच्या दाराची कडी मी —