जांबोटीच्या वळणावरची पेटी

मी, भरमू परशराम गावडे, वय छप्पन्न, धंदा मोटारदुरुस्ती, मूळ गाव जांबोटी, हल्ली राहणार वडगाव, बेळगाव, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणी मागे लागलेले नसताना ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. डॉक्टरांनी छातीला नळी लावून तोंड वाकडे केले, एवढेच निमित्त. घाई काही नाही, पण माझ्यामागे गोंधळ नको.

१. वडगावातील राहते घर, परसातील विहीर आणि टपाल कचेरीतील शिल्लक माझी पत्नी अंबुबाई हिला पूर्ण मालकीने मिळावी. आम्हांस मूलबाळ नाही. माझ्या कपड्यांना ग्रीसचा वास येतो म्हणून तिने तीस वर्षे ते वेगळे धुतले, पण तोंडाने कधी म्हणाली नाही.

२. खानापूर रस्त्यावरील कारखान्यातील लेथ, ऐरण, पाने व सर्व हत्यारे मष्णू यास द्यावीत. तो चौदा वर्षे माझ्याबरोबर काम करतो. हात चांगला आहे. काढलेली वस्तू जागेवर ठेवण्याची सवय मात्र त्याने आता तरी लावून घ्यावी.

३. मी बांधलेल्या उघड्या गाडीविषयी लिहिण्याआधी तिच्यातील स्टेअरिंगच्या पेटीची, म्हणजे चक्र फिरवले की चाके वळवणाऱ्या दात्यांच्या पेटीची, हकिकत नोंदवणे भाग आहे.

माझे थोरले बंधू मारुतीराव, म्हणजे आमचे अण्णा, बेळगाव–जांबोटी सर्व्हिस मोटार चालवीत. सन १९३९ साली त्या मोटारीची स्टेअरिंगची पेटी झिजली आणि नवी कुठे मिळेना. मी पहिल्या लढाईतल्या एका मोडक्या लष्करी लॉरीची पेटी भंगारातून आणून बसवली. तीन महिन्यांनी, भर दुपारी, जांबोटीच्या अलीकडच्या वळणावर मोटार सरळ ओढ्यात गेली. उतारू खरचटण्यावर सुटले. अण्णाचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पंचनाम्यात ‘स्टेअरिंग अडकले असावे’ असे लिहिले गेले. वहिनी गुणाबाईंनी दवाखान्याच्या दारातच मला गाठले : “भंगार घातलंसा आन् माझ्या घरधन्याला लंगडं केलंसा.” त्या दिवसापासून त्या घरात मी पाऊल टाकले नाही.

मोडलेल्या मोटारीतून ती पेटी मी काढून आणली, पण उघडली नाही. आत तुटलेला दाता दिसला तर काय करायचे, या भीतीने हात धजला नाही. पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. मोटारीला हात लावताना पुढे दरवेळी मी तीनतीनदा तपासू लागलो. गिऱ्हाइकांना ते काळजीपूर्वक काम वाटे.

लढाई संपल्यावर एक हौस सुचली. एका जुन्या गाडीचे टप, दारे, चाकांवरचे पंखे सगळे उतरवून सांगाडा हलका केला आणि त्यात मोठ्या गाडीचे इंजिन बसवले. स्टेअरिंगला पेटी हवी होती. माळ्यावर तोवर तीन पेट्या जमल्या होत्या. पोती कुजली होती, चिठ्ठ्या उंदरांनी खाल्ल्या होत्या, आणि गंजाने तिन्ही सारख्याच दिसत होत्या. मी रॉकेलने धुतल्या. दांड्याला चक्र लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजले. पहिलीला सव्वादोन फेरे. ती लहान गाडीची. दुसरीचे चक्र उजवीकडे फिरवले की खालचा हात, म्हणजे चाके ओढणारा दांडा, उलटा जाई. ती डाव्या बाजूला चक्र असलेल्या परदेशी लॉरीची. तिसरीला साडेचार फेरे भरले. बाजूचा ओतीव आकडा माझ्या वहीत टिपलेल्या त्या लष्करी लॉरीच्या आकड्याशी जुळला. झाकण उघडले, तर आत दांड्याभोवती, बसवताना मी माझ्या हाताने लेथवर काढलेली पितळी बुश. तीच ती.

आटेदार दांडा चकचकीत होता. त्याला भिडणाऱ्या दातेरी चाकाचे सगळे दाते मी बोटाने चाचपले. एकही तुटलेला नव्हता. अडकल्याची खूण नव्हती. मष्णू म्हणाला, “मेस्त्री, रडताय का काय?” मी म्हटले, रॉकेल गेले डोळ्यांत.

पेटी तशीच हातात घेऊन मी अण्णाच्या घरी गेलो. तो ओट्यावर होता.

“अण्णा, पेटी शाबूत हाय. एक दाता मोडलेला न्हाय.”

त्याने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “मला ठाऊक हाय रं,” म्हणाला. “लग्नाचं जेवून आलतो. डोळा लागला माझा. लायसन जाईल म्हणून बोललो न्हाय. मग हिनं तुझं नाव घेतलं, आन् मी गप बसलो.”

“सात वर्सं?”

“रोज उठून म्हणायचो, आज सांगतो.”

मी घरी आलो आणि अंबुबाईकडे मागून मागून चार भाकऱ्या खाल्ल्या. इतके हलके मला लग्नातही वाटले नव्हते. राग तिसऱ्या दिवशी आला. परत जाऊन ओट्यावर उभा राहून तासभर बोललो. त्याने सगळे ऐकून घेतले. गुणाबाई आतून ऐकत होत्या. दुसऱ्या सकाळी त्या कारखान्याच्या दारात आल्या. “भावोजी, जेवायला घरी या,” एवढेच म्हणाल्या. मी गेलो. माझ्या बाजूने ते प्रकरण मिटले आहे, कोणी उकरून काढू नये.

ती पेटी मी उघड्या गाडीत बसवली. हलक्या गाडीला लॉरीचे फेरे फार होत, म्हणून खालचा हात लोहाराकडून दोन बोटे लांब करून घेतला. मग अण्णाला शेजारी बसवून जांबोटीच्या रस्त्याला गेलो. वळण आले तशी मी चक्र त्याच्या हातात दिले. पेडलवर पाय माझे होते. त्याने ते दोन्ही हातांनी धरले आणि गाडी वळली. “लई हलकं हाय रं,” तो म्हणाला. पुढे दोन मैल त्यानेच चालवली.

४. ही गाडी मी अण्णाला लिहून देणार होतो. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. अण्णा लगेच म्हणाला, “मग गाडी नगं. मला सही करू दे.” म्हणून गाडी मष्णूला द्यावी. दर बाजाराच्या दिवशी अण्णाला तिच्यातून फिरवून आणावे, अशी त्याला विनंती आहे.

हे मला वाचून दाखवले, बरोबर आहे.
मुक्काम बेळगाव, तारीख १६ फेब्रुवारी १९४७.

सही : भरमू परशराम गावडे

साक्षीदार :
१. ज्योतिबा यमनाप्पा कांबळे, विणकर, वडगाव. सही माझ्यासमोर केली.
२. मारुतीराव परशराम गावडे, माजी मोटारचालक. सही माझ्यासमोर केली. अपघाताबद्दल वर लिहिले आहे ते खरे आहे. चूक माझी होती.