कुंपणापाशी उभे रेनडिअर

मंगळवार, संध्याकाळ

डोळे चुरचुरतायत, पण ते कुंपण काही डोळ्यांपुढून जात नाही. आज पार उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या संशोधकांबरोबर ऑनलाइन बैठक होती. अभ्यास त्यांचा नि आमचा मिळून. विकासात चराईच्या वाटांचं काय झालं? त्यांच्याकडे खाण आली, आमच्याकडे सुप्याच्या बाजूला कारखाने.

मेंढरं राखणाऱ्या हिराबाईंना मी मुद्दाम शेजारी बसवलं होतं. पडद्यावर जुन्या वाटेवर घातलेल्या खाणीच्या कुंपणापाशी रेनडिअर उभे होते, मागे फिरायला तयार नव्हते.

"आमची मेंढरं बी आशीच उबी ऱ्हात्यात," त्या म्हणाल्या. "इचारा की ताई, त्यास्नी वाट मिळाली का?"

मी विचारणार, तोच तिकडचे रेनडिअरवाले आजोबा मोडक्या इंग्रजीत म्हणाले, त्या बाईंना वाट मिळाली का?

आम्ही अभ्यासक अहवालातल्या शब्दांवरून किती वेळ भांडलो, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. की विचारायचंच नव्हतं? हिराबाई आणि पडद्यावरचे आजोबा, दोघं माझ्याकडे बघत होते. मी आधी आजोबांना इंग्रजीत सांगितलं, मग हिराबाईंना तेच मराठीत: काम चालू आहे.

हिराबाई उठल्या. चपला घालता घालता म्हणाल्या, "म्हंजी त्यास्नी बी न्हाई."