फेअर करताना सापडलेली हवा

बाई, तुम्हांला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी मागच्या आठवड्यात महाळुंग्याच्या ऑफिसात बसून मी तुमच्याशी चक्क भांडले. मनातल्या मनात, पण दणकून. कारण जुनंच. तुम्ही माझ्याकडून सगळं दोनदा लिहून घ्यायचात.

इंजिनिअरिंगला गणिताचा तिसरा पेपर अडकला म्हणून मी पिंपळे गुरवला तुमच्याकडे शिकवणीला यायचे. कॉलेजात सगळ्या मॅडम होत्या, बाई म्हणावं अशा तुम्ही एकट्याच. हॉलमध्ये तुमच्या सासूबाईंची मालिका चालू असायची, म्हणून आपला वर्ग स्वयंपाकघरात. तुम्ही पोळ्या लाटताय, मी ओट्याशी उभी राहून डिफरन्शियल इक्वेशन सोडवतेय, आणि वहीला पीठ लागतंय. उत्तर आलं की मी वही मिटायला बघायचे. तुम्ही लाटणं न थांबवता म्हणायचात, "आता फेअर कर."

"बाई, उत्तर बरोबर आलंय की!"

"आलं असेल. पाहुण्यांना काय कढईतूनच वाढतेस? फेअर कर. आणि बरोबरची चिन्हं एकाखाली एक आली पाहिजेत."

एकदा मी फारच कुरकुरले, तेव्हा तुम्ही हात झटकून माझ्याकडे वळलात. "अगं, सोडवताना डोळा पुढच्या पायरीवर असतो. फेअर करताना तो जागेवर असतो. तेवढ्यासाठी करायचं." मी तोंड वाकडं करून लिहायला बसले, आणि दुसऱ्याच ओळीत हरवलेलं उणे चिन्ह सापडलं. तुम्ही हसला नाहीत. तव्यावरची पोळी तूप लावून माझ्या हातात दिलीत. माझी अपूर्णांकाची रेघ नेहमी वाकडी येते म्हणून स्टीलची फूटपट्टीही तुम्हीच दिली होती.

आता समीकरणं मी सोडवत नाही, सॉफ्टवेअर सोडवतं. आमच्याकडे गाड्यांचे सुटे भाग रंगवून भट्टीतून सरकत्या पट्ट्यावर येतात. ते किती वेळात गार होतील हे मी स्क्रीनवर आधीच काढून देते. असा आधीच हिशोब करणारं एक टेबल, म्हणजे माझा एकटीचा विभागच, कंपनीत असावं म्हणून मी प्लांट हेड साहेबांच्या किती मागे लागले होते! टेबल मिळालं, आणि पहिल्याच मोठ्या कामात मी तोंडघशी पडले. सॉफ्टवेअर म्हणे, पट्ट्याच्या टोकाला येईपर्यंत भाग छान गार. इकडे पॅकिंगच्या बायकांनी भाग उचलला की रंगावर बोटं उमटायची. साहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, हौस पुरे झाली. शनिवारी शेवटचं बघू. नाही जुळलं तर हे टेबल बंद, तुम्ही प्लॅनिंगला या. केबिन देतो." लोक केबिनसाठी जीव टाकतात. मला रडू आलं.

पहिल्या रिपोर्टात मी सूत्रांचे फोटो चिकटवले होते, पुसट आणि तिरके. शनिवारी जायचंच आहे तर निदान नीटनेटकं जाऊ, म्हणून सगळी सूत्रं नव्याने टाइपसेट करायला घेतली. बाई, हे तुम्ही बघायला हवं होतं! एका बाजूला कंसांची आणि तिरप्या रेघांची खिचडी टाइप करायची, की दुसऱ्या बाजूला पुस्तकात छापल्यासारखं सूत्र उभं. अपूर्णांकाची रेघ सरळ. बरोबरची चिन्हं एकाखाली एक, त्यासाठी तर खास खूणच आहे. मी खुळ्यासारखी हसत होते. पण एकेक अक्षर हाताने घालायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. भांडण झालं ते इथे. सुटलंय ना सगळं, मग आणखी किती फेअर करू, असं मी तुम्हांला विचारत होते, आणि तेवढ्यात भोवतालच्या हवेच्या तापमानाचं अक्षर आलं. टाइप करता करता हात थांबला. ही हवा कुठली? सॉफ्टवेअरने आपणहून पंचवीस अंश धरले होते. माझ्या एसीवरही पंचवीसच होते, त्यामुळे मला ते कधी खटकलंच नव्हतं.

थर्मामीटर घेऊन शेडमध्ये गेले. बाहेर कडाक्याची थंडी, आणि भट्टीच्या तोंडाशी मात्र बेकरीसारखी ऊब. शेडची उघडी बाजू ताडपत्रीने बंद, म्हणून भट्टीची गरम हवा पट्ट्याभोवतीच कोंडलेली. पट्ट्याखाली अख्ख्या शिफ्टचे जेवणाचे डबे ओळीने मांडलेले.

"भाऊ, ही ताडपत्री कधी लावली?"

निघोज्याचे जुने ऑपरेटर होते. "थंडी पडली तवाच. आमीच लावली मॅडम. सकाळचं वारं लय झोंबतंय. काढायची व्हय?"

"आणि हे डबे?"

"गरम ऱ्हात्यात न्हवं का." मग माझ्या हातातल्या थर्मामीटरकडे बघून जरा बिचकले. "काय चुकलं का आमचं?"

"तुमचं नाही हो, माझं. मी ऑफिसातली हवा धरली होती."

"मग हितली धरा की," ते म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो.

ताडपत्री माणसांच्या पाठीशी सरकवली, भागांवरून वारं मोकळं केलं, आणि डब्यांना भट्टीच्या वर जागा दिली. मग तिथली हवा मोजून समीकरणात घातली. स्क्रीनवर हिशोबाने आलेल्या रेघेवर भागांच्या मोजलेल्या तापमानाचे ठिपके एकामागून एक येऊन बसले. शनिवारी साहेबांनी रिपोर्ट वाचला, मग शेडमध्ये जाऊन एका भागावर उघडा अंगठा दाबला. अंगठा बघितला, रंग बघितला. "राहू द्या तुमचं टेबल," म्हणाले, "पण केबिन अजून रिकामी आहे, विचार करा."

मी नको म्हटलं. नवरा दोन दिवस विचारतोय, हातातली केबिन का सोडलीस. मी म्हटलं, मीटिंगा फार असतात. ते काही खरं नाही. ठिपके रेघेवर बसले तेव्हा टेबल वाचलं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी लेडीज टॉयलेटमध्ये जाऊन कडी लावली आणि एकटीच नाचले. पंचेचाळिशीची बाई, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. पुन्हा तसं नाचायला मिळावं म्हणून केबिन सोडली, असं नवऱ्याला कसं सांगू?

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहायचा धीर झाला. मी तुमच्याकडे फक्त पास व्हायला आले होते, बाई. आवडायला लागेल, असं कुठे ठरलं होतं!