लेसरचा मारा

सानपाडा, नवी मुंबई
१४ फेब्रुवारी १९९८

ती. शिवरामकाकांस,

संघमित्राचा सप्रेम जयभीम. तुमची आणि वेणूकाकींची तब्येत बरी असेल. इकडे आई मजेत. रविवारी दिघ्याला जाऊन तुमची खोली बघून आले, कुलूप जागेवर आहे. शेजारच्या मुक्ताबाई विचारत होत्या, "कवा येनार म्हातारा?"

आता बातमी. काका, तुमचे नमुने खराब नव्हते.

रेणूंचं वजन करणाऱ्या मशीनच्या आलेखावर मूळ रेणूच्या अलीकडे तो जास्तीचा सुळका यायचा ना, वजनाने एकोणसाठनं हलका? त्याच्यावरूनच श्यामसुंदर सर म्हणाले होते, अंड्याच्या बलकातून काढलेली चरबी शिवरामने नासवली, आणि तुमची बदली स्टोअरला केली. मंगळवारी मी नमुन्याच्या एकाच ठिपक्यावर मशीनचा लेसर कमी कमी करत गेले. सुळका बुटका होत नाहीसाच झाला. लेसर वाढवला की परत हजर. सात वेळा करून पाहिलं. मग विकतच्या चरबीची सीलबंद बाटली फोडली, तिचंही तेच. चरबी बाटलीत धड असते. लेसरचा मारा जास्त झाला की तिथल्या तिथे तिच्या रेणूचा एक तुकडा गळून पडतो.

मी आलेखाचे कागद सरांपुढे ठेवले.

"म्हणजे आपणच तोडतोय?"

"हो सर."

ते हसायलाच लागले. मग कागद बाजूला सारले. म्हणाले, "शिवरामला मी सगळ्यांसमोर बोललो होतो." गुरुवारी सगळ्यांसमोरच त्यांनी चूक कबूल केली. बदली रद्द. त्यांचं पत्र सोबत जोडलंय. ऑफिसातल्या प्रितमने समोसे आणले, तुमच्या नावाचा एक बाजूला ठेवला आणि संध्याकाळी स्वतःच खाल्ला.

इथेच पत्र संपवणार होते.

प्रयोगाच्या वहीतली ती ओळ, 'बाटली उघडी राहिली असावी', सरांची नाही. त्यांनी चरबी नासल्याचं कारण विचारलं. माझी नोकरी कच्ची होती, मी घाबरले आणि लिहून मोकळी झाले. हवा लागू नये म्हणून बाटलीत नायट्रोजन भरून तुम्ही बूच घट्ट लावलंत तेव्हा मी शेजारीच उभी होते. काल सरांना हे सांगितलं. तुम्हाला लिहायला जास्त धीर लागला.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
संघमित्रा


माणगाव
२१ फेब्रुवारी १९९८

चि. संघमित्रास,

जयभीम आणि आशीर्वाद. तुझं पत्र वेणूने मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावलं. म्हणाली, "तुमच्या हातून कधी दूध नासलं नाही, चरबी कशी नासेल?" आता साऱ्या वाडीला सांगत सुटली आहे.

वहीतलं अक्षर मी त्याच दिवशी ओळखलं होतं. तुला नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. भांडलो असतो तर तुझी नोकरी गेली असती, म्हणून रजा टाकून गावी आलो. पण राग आला होता, घरच्या पोरीचा येतो तसा. थोडा अजून आहे. तो समोरासमोर बसून काढू.

सोमवारी येतोय. तोवर नवे नमुने काढू नकोस. बलक वेगळा करताना तू फार घाई करतेस.

तुझ्यावर रागावलेला आणि आज फार खूश असलेला,
शिवरामकाका