शाकारणी त्यांच्या हातची

चैत्र वद्य ४, सन १९३६. हेदवी.
ह्यांचं पत्र. रजा मंजूर, वैशाखअखेर येतात. घराच्या शाकारणीला कुणी हात लावायचा नाही, हेही लिहिलंय. पलटणीत सुभेदार, पण खरा जीव आमच्या छपरात. मामंजींनी गवत आणून ठेवलं.

वैशाख शु. ३
तार. सरहद्दीवर बोलणी करायला गेलेले सुभेदार बंडखोरांच्या कैदेत. एवढंच. सासूबाई चुलीपुढून उठल्याच नाहीत.
ह्यांना बोलणी करायला पाठवलं कुणी? बाजारात कोळीण सांगेल तो भाव देतात, वर तिची मुलंबाळं विचारून येतात.

वैशाख शु. १२
ह्यांच्या पलटणीतला सखाराम रजेवर आलाय. सावर्ड्याचा. वाट वाकडी करून आमच्याकडे आला. बंडखोरांनी लॉरीचे दोन ड्रायव्हर पळवले होते. त्यांना सोडा म्हणून हे टेकडीवर गेले. ड्रायव्हर परत आले, हे नाहीत.
"हत्यार माझ्या हातात दिलानी, वैनी, नि एकलेच गेले. हसत व्हते."
हसतच असणार. दोघांना सोडवलं नि स्वतःला देऊन बसले. आल्यावर भांडणार आहे. सखारामला जेवू घातलं, मग परसात जाऊन रडले.

वैशाख वद्य ५
सासूबाई म्हणतात, देवीला कौल लावू, जिवंत आहे का विचारू. मी नाही म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना उलट बोलले. डावी पाकळी पडली, म्हणजे 'नाही' असा कौल आला, तर पुढे काय करायचं?
सासूबाई बोलत नाहीत. जेवण मात्र वाढतात.

वैशाख वद्य ११
कौल लावला. जायचं कबूल केलं, पण विचारणार मी, या अटीवर. गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या. म्हणाला, "इचारायचं ते इचारा, वैनी."
मी विचारलं, शाकारणी हे आल्यावर करायची असेल तर उजवी दे, आधीच उरकायची असेल तर डावी.
गुरव माझ्याकडे बघतच राहिला. सासूबाईंनी माझा हात धरला, सोडलाच नाही. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी पडली.

ज्येष्ठ शु. १२
पलटणीकडून काही कळलं नाही. मृग तोंडावर आला. वाडीतली सगळी घरं शाकारून झाली, आमचंच राहिलंय. माजघरात निजलं की चांदणी दिसते. शेजारचे म्हणाले, आम्ही चौघं मिळून दिवसात करतो. मामंजींनी नको म्हटलं. देवीने सांगितलंय, एवढंच बोलले.
मला फार भीती वाटते. ह्यांची आठवण येते, रागही येतो.
सासूबाईंनी भाताची कणगी गळणार नाही अशा कोपऱ्यात सरकवली. मामंजींनी शिडी काढून छपराला लावून ठेवलीय. आल्याबरोबर हाताशी असावी म्हणतात.